थंडीचा तळ आणि उष्णतामानाचीं मापें

उष्णतामानाचे आकडे हल्लीं शेतकऱ्याच्या घरीं तीन निरनिराळ्या वाटांनीं येतात. हवामानखात्याचा अंदाज सेल्सिअस अंशांत असतो. गाय आजारी पडली म्हणजे जनावरांचे डॉक्टर "एकशेंचार ताप आहे" असें सांगतात. तो आकडा फॅरनहाइटचा. आणि कृत्रिम रेतनाकरितां गोठित रेतमात्रांचा जो कंटेनर गांवोगांव फिरतो, त्याच्या पोटांत उणे १९६ अंश असतात असें ऐकूं येतें. हे तीन आकडे एका ओळींत मांडून त्यांचा ताळा घालावयास बसलें तर पुष्कळ शहाण्या माणसांचाही गोंधळ उडतो. एका मापांत पाणी ० अंशावर गोठतें, दुसऱ्या मापांत तेंच पाणी ३२ अंशांवर गोठतें. आणि शून्य म्हणजे जर कांहींच नाहीं, तर त्याच्याही खालीं १९६ पायऱ्या कशा असूं शकतात, हा प्रश्न तर अगदीं रास्त आहे. महसुलाच्या दप्तरांत आमची उमर एका मापाचें दुसरें माप करण्यांत गेली. तेव्हां या विषयाची फोड आपल्या नेहमींच्या हिशेबांतील उदाहरणांनींच करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

एका मापांतून दुसऱ्या मापांत जाण्याच्या रीती मुळांत दोनच. जमिनीचा हिशेब घ्या. ४० गुंठ्यांचा एक एकर, आणि एक एकर म्हणजे सुमारें ४०.४७ आर. जुना उतारा एकर-गुंठ्यांचा व हल्लींचा सात-बारा हेक्टर-आरांचा असला, तरी नुसत्या गुणाकार-भागाकारानें काम भागतें. कारण ज्याच्यापाशीं शून्य गुंठे जमीन आहे, त्याच्यापाशीं शून्य आरच असणार. शून्य दोहोंकडे एकच. दुसरी रीत सनांची. शालिवाहन शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. (जानेवारी लागल्यापासून चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात, तें असो.) येथें गुणाकाराचें कारण नाहीं, कारण दोहोंचें वर्ष सरासरीनें सारखेंच, फक्त मोजणी कोठून सुरू केली तें निराळें. सेल्सिअस व फॅरनहाइट यांच्यामध्यें मात्र दोन्ही अडचणी एकदम उभ्या राहतात. पायरीची उंची निराळी आणि शून्याची जागाही निराळी. सर्व घोटाळ्याचें मूळ हेंच.

हीं शून्यें कोणीं व कशीं ठरविलीं, हें पाहण्यासारखें आहे. डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट हा १६८६ सालीं डान्त्सिग शहरीं जन्मलेला व पुढें हॉलंडांत राहिलेला उपकरणें करणारा कारागीर. काचेच्या नळींत पारा भरून भरंवशाचा उष्णमापक करण्याची कला त्यानें साधली होती. १७२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यानें आपल्या मापाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी हें त्याचें शून्य. नुसत्या बर्फ-पाण्याची थंडी ३२. आणि निरोगी माणसाच्या अंगाची ऊब ९६. पुढें पाणी उकळण्याची खूण २१२ वर पक्की करण्यांत आली, तेव्हां अंगाची ऊब सरकून ९८.६ वर गेली. स्वीडन देशांतील उप्साला येथील ज्योतिषी अँडर्स सेल्सिअस यानें १७४२ सालीं गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या अंतराचे १०० भाग केले. गंमत अशी कीं, त्याच्या मूळ मापांत पाणी ० वर उकळे आणि १०० वर गोठे! हें उफराटें माप लवकरच सुलटें करण्यांत आलें. त्यास पुष्कळ वर्षें 'सेंटिग्रेड' म्हणत. १९४८ सालीं मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें 'सेल्सिअस' हें नांव कायम केलें. रोमूर नांवाच्या फ्रेंच गृहस्थाचें ८० भागांचें आणखी एक माप होतें, तें आतां मागें पडलें.

नवसागराचें मिश्रण काय किंवा पाण्याचें गोठणें काय, या माणसानें आपल्या सोयीसाठीं रोविलेल्या खुंट्या आहेत. सेल्सिअसचें शून्य शेतकऱ्याच्या विशेष उपयोगाचें आहे हें खरें. पानावर हिमकण धरतात ते त्याच शून्याच्या आसपास. (निरभ्र रात्रीं पान हवेहूनही गार होतें, म्हणून उष्णमापक दोन-तीन अंश वर असतांनाही हिमकण पडूं शकतात, हें निफाडकडील द्राक्षबागाईतदारांस सांगावयास नको.) तथापि पाण्याचें शून्य तें उष्णतेचें शून्य नव्हे.

आतां रूपान्तराची रीत. सेल्सिअसच्या १०० पायऱ्यांच्या जागीं फॅरनहाइटच्या १८० पायऱ्या बसतात, म्हणजे ५ स ९. सेल्सिअसच्या आकड्यास ९ नीं गुणून ५ नीं भागावें व ३२ मिळवावे, ही पुस्तकी रीत. तोंडीं हिशेबास याहून सोपी रीत अशी कीं, आकडा दुप्पट करावा, त्या दुपटींतून तिचाच दशांश वजा करावा, आणि मग ३२ मिळवावे. ४० ची दुप्पट ८०, त्यांतून ८ गेले ७२, अधिक ३२ म्हणजे १०४. उलट जावयाचें असेल तर ३२ वजा करावे, बाकीचें निम्में करावें, आणि त्या निम्म्यांत त्याचाच नववा हिस्सा मिळवावा. १०४ तून ३२ गेले ७२; निम्मे ३६; नववा हिस्सा ४; एकूण ४०. ज्यास ताळा पाहावयाचा असेल त्यानें ९८.६ वर ही रीत चालवावी; बरोबर ३७ येतात. उणे ४० या ठिकाणीं दोन्ही मापें एकमेकांस भेटतात व तेथें आकडा एकच राहतो.

निरोगी गाईचें अंग सुमारें १०१.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८.६ अंश सेल्सिअस असतें. हे दोन्ही आकडे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे. कारण हल्लींच्या पुष्कळ आकडी उष्णमापकांवर माप बदलण्याची कळ असते. ती चुकून दाबली गेली कीं, काचेंत ४० आकडा उमटतो, आणि पाहणारा "चाळीसच तर आहे" म्हणून स्वस्थ बसतो. वस्तुतः गाईला चांगला १०४ चा ताप असतो.

याहून वाईट घोटाळा ठिकाण आणि अंतर यांच्या गल्लतीनें होतो. "उद्यां पारा ५ अंशांनीं उतरेल" या वाक्यांतील ५ हें ठिकाण नव्हे, अंतर आहे. त्याचे फॅरनहाइट ९ होतात, ४१ नव्हेत. आम्हीं एका छापील पत्रकांत "उष्णतामानांत ५ अंश सेल्सिअस, म्हणजे ४१ अंश फॅरनहाइट घट" असें डोळ्यांनीं वाचिलें आहे. लिहिणारानें यंत्रास आकडा दिला व यंत्रानें निमूटपणें ३२ मिळविले. दहा वर्षांच्या मुदतीचें गहाणखत शकाचें इसवी सनांत करतांना कोणी अठ्ठ्याऐंशीं वर्षांचें करीत नाहीं; मग येथेंच ही चूक कां व्हावी?

हा प्रश्न नुसत्या पांडित्याचा नाहीं. मक्याच्या वाढीचा हिशेब अंश-दिवसांत करितात. सुमारें १० अंश सेल्सिअसच्या खालीं मका वाढत नाहीं असें धरून, दिवसाच्या सरासरी उष्णतामानांतून १० वजा करावयाचे. बाकी राहील ती त्या दिवसाची जमा. अमेरिकेंतील बियाण्यांच्या माहितीपुस्तकांत हीच जमा फॅरनहाइटमध्यें, ५० अंशांचा पाया धरून मांडलेली असते. समजा, एखाद्या वाणास २,७०० अंश-दिवस लागतात असें तेथें लिहिलें आहे. त्याचे सेल्सिअस अंश-दिवस करतांना ३२ ला हात लावावयाचा नाहीं, कारण पाया अगोदरच वजा झालेला आहे. नुसतें ५ नीं गुणून ९ नीं भागावें म्हणजे १,५०० येतात. एका दिवसाची १८ अंशांची जमा घेऊन तींतून जर कोणी ३२ वजा करूं लागला, तर त्यास उणे ८ च्या आसपास बाकी मिळेल. म्हणजे मका वर येण्याच्या ऐवजीं जमिनींत शिरूं लागला म्हणावयाचा!

याच उदाहरणांत आणखी एक मर्म आहे. सरासरी २० अंशांच्या दिवशीं मक्याची जमा १०, आणि ३० अंशांच्या दिवशीं २०. म्हणजे दुसऱ्या दिवशीं मक्यास दुप्पट ऊब मिळाली, असें म्हणतां येतें. कारण मोजणी मक्याच्या स्वतःच्या शून्यापासून केली. परंतु काल १० अंश होते व आज २० झाले, म्हणून आज उष्णता दुप्पट झाली, असें म्हणतां येत नाहीं. तेच दोन दिवस फॅरनहाइटमध्यें मांडले तर ५० आणि ६८ होतात. त्यांत दुप्पट कोठेंच नाहीं. एका मापांत जी गोष्ट दुप्पट आहे आणि दुसऱ्यांत नाहीं, ती मुळांत दुप्पट नव्हेच.

विहिरीचा दाखला घेतला म्हणजे हें उलगडतें. विहिरीच्या भिंतीवर मध्येंच कोणी चुन्याची खूण केली. काल पाणी खुणेच्या वर एक हात होतें, आज दोन हात आहे. पाणी एक हात वाढलें, हें खरें. दुप्पट झालें, हें खोटें. वैशाखांत तें खुणेच्या खालीं चार हात गेलें तर आपण "उणे चार हात" असें लिहूं. पण त्याचा अर्थ विहिरींत 'कांहीं नाहीं' च्याही खालीं पाणी गेलें, असा नव्हे. खरोखर पाणी किती, निम्में कीं चौथाई, हें सांगावयाचें तर तळापासून मोजलें पाहिजे. सेल्सिअसचें शून्य ही भिंतीवरची खूण आहे. उष्णतेच्या विहिरीस तळ आहे कीं नाहीं, व असल्यास तो खुणेच्या किती खालीं, हा खरा प्रश्न.

या तळाचा पत्ता वायूंनीं दिला. अठराव्या शतकाच्या आरंभीं गिलोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञानें पाहिलें कीं, बंद भांड्यांतील हवा थंड करीत गेलें असतां तिचा दाब सारख्या प्रमाणांत घटत जातो. तेव्हां कोठें तरी असा एक गारवा असला पाहिजे कीं जेथें दाब संपेल. पुढें शार्ल यानें १७८७ च्या सुमारास केलेले प्रयोग व गे-ल्युसॅक यानें १८०२ सालीं प्रसिद्ध केलेलीं मापनें यांवरून दिसून आलें कीं, दाब कायम राखला तर सर्व वायु उष्णतेनें जवळजवळ सारख्याच प्रमाणांत फुगतात. आजच्या आकड्यांनीं सांगावयाचें तर, ० अंश सेल्सिअसला २७३ घनफूट असलेली हवा १ अंशास २७४ घनफूट होते, १०० अंशांस ३७३ होते, आणि उणे १०० अंशांस १७३ उरते. हीच रेषा खालीं वाढवीत नेली तर उणे २७३ अंशांवर घनफळ शून्य होतें. आमचे मोजणीदार दोन झेंड्यांची रेषा नजरेनें साधून ओढ्यापलीकडची हद्द ठरवितात, ओढ्यांत उतरत नाहींत. तसाच हा प्रकार. प्रत्यक्षांत हवा तेथवर हवा राहतच नाहीं. तींतील प्राणवायु उणे १८३ अंशांवर व नत्र उणे १९६ अंशांवर द्रव होतो. परंतु कोणताही वायु घ्या, त्याची रेषा वाढविली असतां ती त्याच एका ठिकाणाकडे बोट दाखविते.

काटेकोर मापनानें हें ठिकाण उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, किंवा उणे ४५९.६७ अंश फॅरनहाइट ठरलें आहे. त्यास केवल शून्य म्हणतात. ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्धीस आला, त्यानें १८४८ सालीं असें माप सुचविलें कीं जें पाऱ्यावर, पाण्यावर किंवा कोणत्याही एका पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून नसेल. त्यांतून निघालेलें माप आज केल्विन या नांवानें चालतें. त्याची पायरी सेल्सिअसएवढीच, मात्र मोजणी तळापासून. म्हणून सेल्सिअसमध्यें २७३.१५ मिळविले कीं केल्विन येतात. हा शकाचा हिशेब झाला. फॅरनहाइटएवढ्या पायरीनें तळापासून मोजणारें रँकिन नांवाचें माप आहे, तें अमेरिकेकडील यंत्रशास्त्रांत आढळतें. केल्विनवरून रँकिन करावयाचे तर नुसता ९ नीं गुणून ५ नीं भागाकार. हा एकर-आरांचा हिशेब, कारण शून्य दोहोंचें एकच. केल्विनपुढें 'अंश' हा शब्द १९६७ सालापासून लावीत नाहींत. ३०० केल्विन एवढेंच म्हणतात. आतां वरचे १० आणि २० अंश सेल्सिअस केल्विनमध्यें मांडून पाहा: २८३ आणि २९३. दुप्पट तर राहोच, वाढ शेंकडा साडेतीनच आहे.

तळ असण्याचें कारण असें कीं, थंडी ही स्वतंत्र वस्तु नाहीं. उष्णता निघून गेल्याचें तें नांव आहे. आणि उष्णता म्हणजे पदार्थाच्या अणुरेणूंची धांवपळ. धांवपळ वाढविण्यास मर्यादा सांपडलेली नाहीं. सूर्याच्या पृष्ठावर सुमारें ५,८०० केल्विन व त्याच्या गाभ्यांत दीड कोटीच्या आसपास केल्विन असतात. कमी करण्यास मात्र मर्यादा उघड आहे. काढून घेण्याजोगी चळवळ उरली नाहीं म्हणजे त्याच्या खालीं जावयाचें कोठें? केवल शून्यावर अणु दगडाप्रमाणें स्तब्ध होतात अशी एक समजूत आहे, ती मात्र बरोबर नाहीं. थोडी थरथर सृष्टीच्या नियमानें तेथेंही राहते, पण ती काढून घेतां येत नाहीं. हेलियम वायूचा द्रव साध्या दाबाखालीं कितीही थंड केला तरी गोठत नाहीं, तो या थरथरीमुळेंच.

या तळापर्यंत अद्यापि कोणी पोहोंचलें नाहीं. हॉलंडांतील लायडन येथें कामर्लिंग ओनेस यानें १० जुलै १९०८ रोजीं हेलियमचा द्रव केला; तेथें उष्णतामान सुमारें ४.२ केल्विन होतें. तीन वर्षांनीं त्याच थंडीत पाऱ्याचा वीज अडविण्याचा गुण एकाएकीं नाहींसा होतो, असें त्यास आढळलें. मोठ्या इस्पितळांतील एम. आर. आय. यंत्रांचीं चुंबकें बहुधा याच शोधावर व याच द्रव हेलियमवर चालतात. १९९५ सालीं अमेरिकेंतील बोल्डर येथें रुबिडियम धातूचे अणु एका केल्विनच्या पन्नास लाखांव्या भागाहूनही खालीं नेण्यांत आले, आणि त्यांची जी चमत्कारिक अवस्था दिसली तिचें भाकीत आइन्स्टाइन यानें आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ सालच्या लेखाच्या आधारें केलेलें होतें. तरी तळ राहिलाच. प्रत्येक उपशास उरलेल्याचा कांहीं हिस्सा निघतो, सर्व कधींच निघत नाहीं. मोजक्या उपशांत केवल शून्य गांठतां येणार नाहीं, हें जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट यानें १९१२ सालींच सांगून ठेविलें आहे.

आतां गोठ्याजवळ येऊं. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं ग्लिसरीन मिसळून गोठविलेल्या रेतांतील शुक्रपेशी पुन्हां वितळविल्यावर जिवंत राहतात असें दाखविलें, आणि पुढें द्रवनत्रांत रेत सांठविण्याची पद्धत सर्वत्र आली. २७ अंशांची आपली खोली म्हणजे ३०० केल्विन, आणि द्रवनत्र ७७ केल्विन. खोलीपासून तळापर्यंतची जवळजवळ पाऊण वाट त्या कंटेनरांत उतरून झालेली असते. उणे १३० अंशांच्या सुमारास रेतांतील बर्फाचे बारीक कण एकमेकांत मिळून मोठे होऊं लागतात व शुक्रपेशींस इजा करितात. बोलावयास उणे १९६ काय आणि उणे १३० काय, दोन्ही अंगावर कांटा आणणारी थंडी. परंतु तळापासून मोजलें तर एक ७७ आहे आणि दुसरी १४३, जवळजवळ दुप्पट! उणे ८० अंश म्हणजे १९३, अडीचपट. रेतमात्रेची कांडी शोधण्यासाठीं डबी मानेच्या वर काढून, बोलत बोलत धरून ठेवून, "अजून बर्फाहून गार आहे" म्हणून परत बुडविली, तर वरून कांहींएक फरक दिसत नाहीं. फरक पुढें दिसतो. गाय उलटते, एकवीस दिवसांचा माज फुकट जातो, आणि दोष गाईच्या किंवा वळूच्या माथीं बसतो.

म्हणून रेतन करणारानें डबी मानेच्या आंतील हिमरेषेखालींच ठेवून कांडी उचलावी व तें काम दहा सेकंदांच्या आंत उरकावें. उचललेली कांडी ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या पाण्यांत अर्धा मिनिट धरावयाची असते. त्या अर्ध्या मिनिटांत ती ७७ वरून ३१० केल्विनवर, म्हणजे चौपट चढते. यास्तव पाणी अंदाजानें 'कोमट' न घेतां उष्णमापकानें पाहूनच घ्यावें. आपल्या दारीं काम चाललें असतां एवढें पाहण्याचा अधिकार गाईच्या धन्यास आहे.

ज्यांच्या दूधसंस्थेंत कंटेनर असतो त्यांनीं द्रवनत्राची पातळी ठराविक दिवशीं मोजून वहींत मांडावी. भरीव मोजपट्टी तळापर्यंत बुडवून बाहेर काढून हवेंत हलविली म्हणजे जितका भाग बुडाला होता तितक्यावर पांढरें हिम धरतें. पोकळ नळी कधींही बुडवूं नये. द्रव उसळून तोंडावर येतें. झांकण घट्ट बसविण्याचा किंवा बूच मारण्याचाही प्रयत्न करूं नये, कारण एक लिटर द्रवनत्राचा सुमारें ७०० लिटर वायु होतो व त्यास बाहेर वाट पाहिजे. त्याच कारणानें कंटेनर बंद खोलींत किंवा कांचा मिटलेल्या मोटारींत ठेवून तेथें बसूं नये; नत्रास वास नाहीं, आणि तो प्राणवायूची जागा घेतो तें कळून येत नाहीं.